डावा अंगठा

कार्यालयातल्या हजेरीच्या यंत्राने एका सकाळी मला ओळखायला नकार दिला. मी अंगठा ठेवला, यंत्राने लाल दिवा लावला आणि एका बाईच्या आवाजात 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' असं सांगितलं. मी पुन्हा प्रयत्न केला. मागे रांग वाढत गेली. अंगठा पुसून बघा, फुंकर मारून बघा, कपाळावर घासून बघा अशा सूचना रांगेतून आल्या. त्या सगळ्या मी पाळल्या आणि तरीही यंत्राच्या मते मी त्या कार्यालयात नोकरीला नव्हतो. इतकी वर्षं एका जागी काढल्यावर हे ऐकून माणसाला काय वाटेल, याचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी केलेला नसतो.

यंत्राचं खरं तर काही चुकलं नव्हतं. अंगठ्यावर मोठा फोड आला होता, तो फुटला होता आणि त्या जागी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोड कशाने आला हे मात्र चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या वयाच्या आणि हुद्द्याच्या माणसाला मारामारीचा व्हिडिओ गेम खेळून फोड येत नाहीत, किंवा आले तर तो ते सांगत नाही.

याची सुरुवात फोनवर झाली. आमची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते आणि दर रविवारी संध्याकाळी फोन करते. आधी ती हिच्याशी, म्हणजे माझ्या बायकोशी बोलते आणि ते बोलणं बराच वेळ चालतं. मग फोन माझ्याकडे येतो.

"जेवलीस?"

"हो."

"काम कसं चाललंय?"

"ठीक."

"तिकडे हवा कशी आहे?"

"बरी आहे. तुमच्याकडे?"

मी आमच्याकडच्या हवेची माहिती देतो आणि फोन हिच्याकडे परत जातो. आमच्यात भांडण नाही, अबोला नाही. हीच मुलगी शाळेत होती तेव्हा घरी आली की पायातले बूट काढायच्या आत मला अख्खा दिवस सांगून मोकळी व्हायची. ते कधी बंद झालं हे मला कळलंच नाही आणि बंद झालेलं असं परत कसं सुरू करतात हे कुणाला विचारायचीही सोय नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण ते तिला सांगावं तर फोनवर माझी वेळ हवेपुरतीच असायची.

एका रविवारी हवा संपली आणि फोन परत द्यायच्या आधी मी सहज बोलून गेलो, "तो मारामारीचा गेम अजून खेळतेस का गं?"

तर ती बोलायलाच लागली. त्या गेमचा नवा भाग आला होता. त्यात कोण नवीन आलंय, जुन्यांपैकी कुणाचे हात कमी लांब केलेत आणि तो कसा अन्याय आहे, ऑफिसातला एकजण गेममध्ये तिला कसा सारखा कोपऱ्यात गाठतो, असं ती इतकं बोलली की फोन अडकला की काय म्हणून ही बघायला आली. मी 'हं', 'अस्सं' करत होतो. त्या सगळ्यातला 'ठोसा' हा एक शब्द मला समजला होता.

"बाबा, तुम्हाला कळतंय का काही यातलं?"

"थोडंफार."

"मग खेळा ना माझ्याशी एकदा. माझं जुनं मशीन कपाटात आहे. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरवू. खेळता खेळता बोलताही येतं, हेडफोन लावून."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर हिने विचारलं, "काय ठरलं एवढं?" मी म्हटलं, "मुलगी मला मारणार आहे. पुढच्या महिन्यात."

मला जिंकायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. माझा हेतू एवढाच होता की गेम जितका वेळ चालेल तितका वेळ ती बोलेल. नवख्या माणसाला ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लोळवणार आणि मग पुन्हा हवा. म्हणजे मला काही झालं तरी टिकून राहायला शिकायचं होतं आणि त्यासाठी हाताशी जेमतेम महिना होता.

कपाटातून ब्लँकेटं काढली, ब्लँकेटांखालून मशीन काढलं आणि ते टीव्हीला जोडलं. त्याआधी टीव्हीवर संध्याकाळच्या वेळी कुणाचा हक्क आहे याबद्दल घरात चर्चा झाली, तिचा तपशील इथे देत नाही. मशीन सुरू झालं आणि म्हणालं की आधी मला अद्ययावत व्हावं लागेल. ते सकाळी अद्ययावत व्हायला लागलं ते दिवेलागणीपर्यंत होत राहिलं. मी आयुष्यभर कार्यालयं पाहिली आहेत, पण आलेल्या माणसाला दारात उभं करून आधी स्वतःची डागडुजी करून घेणारं कार्यालय पहिल्यांदाच पाहिलं.

मग खातं उघडायचं होतं. जन्मसाल विचारलं. यादी चालू सालापासून सुरू होत होती आणि माझ्या सालापर्यंत पोचायला इतकं खाली जावं लागलं की वाटेत ही दोनदा चहा विचारून गेली. मग मेलवर एक आकडा येणार होता. आमची मेल हिच्या फोनवर उघडते आणि तोवर ही फोन घेऊन बाजारात गेली होती. तिने तो आकडा भर दुकानातून मोठ्याने वाचून दाखवला, पण मी तो टिपून होईपर्यंत त्याची मुदत संपली. नंतर मी यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी काही चित्रांतले रस्त्यावरचे दिवे ओळखायला सांगितलं. दिव्यात खांब धरायचा की नाही याबद्दल कुठेच खुलासा नव्हता. मी एकदा धरून पाहिला, एकदा सोडून पाहिला आणि शेवटी मी माणूस असल्याचं त्यांनी मान्य केलं.

नाव म्हणून 'बाबा' घातलं. ते जगात पूर्वीच कुणीतरी घेतलेलं होतं. मशीनने स्वतःच्या मनाने मला 'बाबा ४४७१' केलं. माझ्या आधी इतके बाबा हा गेम खेळायला बसले होते हे पाहून जरा धीर आला.

मग लढवय्या निवडायचा. एकेक जण पडद्यावर येऊन दंड दाखवत होता. बहुतेकांच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते. एकाने साखळ्याच घातल्या होत्या आणि एका बाईच्या पायांत चपला नव्हत्या. या सगळ्यांत एक गृहस्थ मात्र इस्त्रीचा शर्ट, जाकीट आणि चष्मा अशा वेशात शांतपणे उभे होते. बँकेत कर्जाच्या टेबलामागे असतात तसे. मी ताबडतोब त्यांना निवडलं. पुढचा महिनाभर घरात त्यांचं नाव 'जाकीटवाला' असंच होतं.

गेममध्ये शिकवणीची वेगळी सोय आहे. मी ती पहिल्या पानापासून वाचली. ठोसे बरेच होते, लाथा त्याहून जास्त होत्या आणि जाकीटवाल्याचा प्रत्येक विशेष प्रहार करायला अंगठा अर्ध्या वर्तुळात फिरवून त्याच क्षणी दुसऱ्या हाताने काहीतरी दाबावं लागत होतं. ते मला जमण्यातलं नव्हतं. पण एक सूचना वाचून मी थबकलो. समोरच्याने मारलं की बटण मागच्या दिशेला दाबून धरायचं. तो वरून मारेल तर उभ्याने, खालून मारेल तर बसून. तेवढं केलं की मार लागत नाही.

मी कार्यालयाच्या भांडार विभागात आहे. लोक आमच्याकडे खुर्च्या, पंखे आणि कपाटं मागतात. त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण मागणी रास्त असते, आणि हो म्हणता येत नाही, कारण भांडारात काही नसतं. त्यामुळे समोरच्याला न दुखवता आणि स्वतःही न दुखावता थोपवून धरणं ही माझी उभ्या नोकरीची कमाई आहे. या गेममध्ये त्याला रीतसर बटण होतं, हे पाहून मला फार बरं वाटलं.

मी रोज कामावरून आलो की डाव्या अंगठ्याने ते बटण मागे दाबून धरायला बसू लागलो. मशीनमधला सरावाचा लढवय्या मला मारायचा आणि मी अडवायचो. ही शेजारी बसून भाजी निवडायची.

"तो माणूस अगदी तुमच्यासारखा उभा राहतो," ती एकदा म्हणाली.

"म्हणजे कसा?"

"आता मी काहीच केलेलं नाही, असा."

समोरच्या घरात ड्रिल मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावरच आहे. आमच्याकडून धपाधप आवाज येतात म्हणून ते पहिल्या आठवड्यात चौकशीला आले आणि रोज येऊ लागले. त्यांच्या मते माझा दोष बैठकीत होता.

"खुर्चीत बसून कुणी लढतं का? उभे राहा. गुडघे वाकवा. पोट आत."

"मास्तर, लढतो तो पडद्यावर आहे."

"तो तुमच्याकडे बघूनच शिकणार ना."

मी गुडघे वाकवून उभा राहिलो. दोन दिवसांत गुडघ्यांनी वेगळी तक्रार सुरू केली आणि मास्तरांनी त्यावर बैठका सुचवल्या. एकदा त्यांनी माझ्या हातातून ते बटणांचं यंत्र घेतलं. मी त्याला रिमोट म्हणत असे, मुलीने नंतर 'कंट्रोलर' असं सुधारून घेतलं. मास्तरांनी त्यावरची सगळी बटणं दोन्ही तळहातांनी एकदम रगडली. जाकीटवाल्याने हवेत उडी मारली, अंगातून निळी ज्वाळा काढली आणि समोरच्याला एका फटक्यात आडवं केलं. मी सूचना तोंडपाठ केल्या होत्या. मास्तरांनी चष्मासुद्धा लावलेला नव्हता. मी त्यांना चहा दिला आणि त्या विषयावर बोललो नाही.

मग मी ऑनलाइन गेलो. म्हणजे जगातला कुणीतरी अनोळखी माणूस आपल्याशी लढायला येतो. पहिल्यांदा लाल वेणी घातलेली एक धिप्पाड बाई आली. घंटा झाली. मी थांबलो. आपण होऊन कुणाच्या अंगावर हात टाकायचा नाही असं आमच्या घरचं वळण आहे. तीही क्षणभर थांबली, बहुधा माझं इंटरनेट गेलं असं वाटून. मग ती जवळ आली. मी बटण मागे दाबलं, अगदी वेळेवर, अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे. तिने जाकीटवाल्याची मानगूट धरली, त्याला डोक्यावर उचललं आणि आपटलं.

मला वाटलं मशीन बिघडलं. मी अडवत होतो. मी पुन्हा शिकवणी उघडली. एकदम शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, एक ओळ सापडली. नुसता बचाव करत राहणाऱ्याला पकडून आपटता येतं, असं तीत म्हटलं होतं. महत्त्वाची गोष्ट शेवटी आणि बारीक अक्षरांत लिहायची पद्धत इथेही आहे.

"बरोबरच आहे," मास्तर म्हणाले. "जो झाकून बसतो त्याला उचलायचा. पोरांनासुद्धा हे पहिल्या दिवशी शिकवतात."

पकडीतून सुटायलाही बटणं आहेत, पण ती उजव्या हाताने आणि पकडल्याच्या त्याच क्षणी दाबावी लागतात. मला निर्णय घ्यायला थोडा वेळ लागतो. भांडारात तो गुण समजतात. इथे माझा निर्णय होईपर्यंत जाकीटवाला पाठीवर पडून छताकडे बघत असायचा. त्या महिन्यात मला जगातल्या कुठकुठल्या लोकांनी आपटलं. अंगावर साखळ्या घातलेल्याने आपटलं, अनवाणी बाईने आपटलं, एका अस्वलाच्या कातड्यातल्या इसमाने आपटून वर हात हलवून निरोप घेतला. दोन-चार ठोसे मी अडवले की प्रत्येकाच्या ध्यानात यायचं की हा काही करत नाही आणि मग तो शांतपणे चालत येऊन मला उचलायचा. याला अपवाद एकही नव्हता. दर्जाच्या तक्त्यात मी सगळ्यात खालच्या पायरीवर होतो आणि हरत राहिलं तर तिथेच ठेवतात. सेवाज्येष्ठता धरत नाहीत.

या काळात खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई एका संध्याकाळी वर आल्या. मास्तर नेमके "आपट त्याला, सोडू नको, आपट" असं ओरडत होते आणि माझ्या बैठका चालू होत्या. वकीलबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं नाही. त्या सरळ हिच्यापाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही घाबरू नका. एक शब्द बोला, बाकीचं मी बघते."

"मला कोण मारतंय," ही म्हणाली. "ह्यांनाच मारतात. रोज."

वकीलबाई मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी जाकीटवाला लागोपाठ तीनदा आपटला जाताना पाहिला आणि निघताना मत दिलं. "स्वसंरक्षणासाठीसुद्धा तुम्ही हात उचललेला नाही. कोर्टात तुमची बाजू फार भक्कम आहे." त्या महिन्यात माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं असेल तर ते एवढंच.

आणि मग फोड आला, फुटला आणि यंत्राने मला नाकारलं.

आता कुणीही म्हणेल की एक अंगठा गेला तर दुसरा लावावा. पण यंत्रात नोंद डाव्याच अंगठ्याची होती. नोंद करायच्या दिवशी माझ्या उजव्या हातात पिशवी होती आणि हजेरी कारकून घाईत होता. हा हजेरी कारकून गेली काही वर्षं आमच्याकडे चाकांची खुर्ची मागतो आहे.

मी त्याच्यासमोर जाऊन अंगठा दाखवला.

"यंत्राने तुम्हाला गैरहजर लावलंय साहेब," तो म्हणाला.

"मी तुझ्यासमोर उभा आहे."

"मला दिसताय हो. यंत्राला दिसत नाही."

"मग उजव्याची नोंद करून घे."

"अर्ज द्यावा लागेल. तो वर जाईल. तुमचा अंगठा सध्या विचाराधीन राहील."

'विचाराधीन' हा शब्द उच्चारताना तो आपल्या लाकडी खुर्चीत जरा मागे रेलला. खुर्ची करकरली. मी काय ते समजलो. हाच शब्द मी त्याला कित्येकदा दिला होता आणि तो समोरून येताना असा लागतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

अर्जात इजेचं कारण लिहायचं होतं. 'व्हिडिओ गेम' असं लिहायला हात धजेना. मी 'सायंकाळी घरी बचाव करताना झालेली इजा' असं लिहिलं. यात खोटं अक्षर नव्हतं. कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि अर्ज स्वतः उठून वर नेला. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी मला बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो सर."

"हे बचाव करताना म्हणजे, कुणापासून?"

"अनोळखी लोक असतात सर. रोज संध्याकाळी येतात."

"रोज? पोलिसांत कळवलंत?"

"नाही सर. मीच बोलावतो त्यांना."

साहेबांनी मला पाणी दिलं. मग मला सगळं सांगावं लागलं, मुलीपासून जाकीटवाल्यापर्यंत. ते पूर्ण ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. माझ्या मुलीचं वय किती. मी सांगितलं. "माझा मुलगाही तेवढाच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी अर्जावर सही केली.

पण बंद दाराबाहेर काय गेलं कुणास ठाऊक. संध्याकाळपर्यंत कार्यालयात पक्कं झालं होतं की भांडारवाले रोज अनोळखी माणसांशी मारामारी करतात आणि त्यांना फक्त अंगठ्यालाच लागलं आहे. पुढचा आठवडाभर माझ्याकडे कुणीही खुर्ची मागायला आलं नाही. जिन्यात लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. माझी पत इतकी कधीच वाढली नव्हती आणि ती अशा कारणाने वाढावी याचा मला रागही येत होता. मी खुलासा केला नाही.

रविवार आला. मास्तर दुपारपासून येरझाऱ्या घालत होते, पण हिने त्यांना आत घेतलं नाही. मी अंगठ्याला पट्टी बांधली, हेडफोन लावले आणि जाकीटवाल्याला उभं केलं.

"बाबा, चव्वेचाळीस एकाहत्तर तुम्हीच ना?"

"मीच."

"आणि हा चष्मेवाला घेतलात? अहो, सगळ्यात अवघड आहे तो. नवीन माणूस याला हात लावत नाही."

"त्याचे कपडे नीट होते गं."

ती हसली. तिचं असं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मला वाटलं, आता लगेच हरलो तरी चालेल. मग घंटा झाली आणि मला वाटलं, नाही, नाही चालणार.

तिची लढवय्यी एक ठेंगणी मुलगी होती, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेली. ती धावत आली आणि तोंडावर ठोसे मारायला लागली. मी उभ्याने अडवले. ती खाली वाकून लाथा मारायला लागली. मी बसून अडवल्या.

"अरे, येतंय की तुम्हाला."

"थोडंफार."

फेरीची वेळ संपली, कुणीच पडलं नाही आणि दुसरी सुरू झाली. ती मारत होती, मी अडवत होतो आणि ती बोलत होती. आधी गेमबद्दल. मग ऑफिसातल्या त्या कोपऱ्यात गाठणाऱ्या माणसाबद्दल. मग मध्येच, ठोसे न थांबवता ती म्हणाली, "बाबा, मी राहते ती खोली सोडतेय."

"का गं?"

"बरोबरची मुलगी गेली ना, लग्न करून. आईला सांगू नका, ती काळजी करेल. संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं. मी दिवसभराचं बोलणं मनातच ठेवते आणि मग ते शिळं होतं."

माझ्या तोंडात सल्ला आला होता. चांगला, मुद्देसूद सल्ला होता. पण नेमकी त्याच वेळी ती खालून लाथ मारत होती आणि बसून अडवणं आणि सल्ला देणं ही दोन कामं मला एकदम जमत नाहीत. म्हणून मी नुसतं 'हं' म्हणालो. आणि ती पुढे बोलली. कामात तिला सारखं वाटतं की आपल्याला हे येत नाही आणि एक दिवस सगळ्यांना कळेल. मागच्या महिन्यात ती आजारी पडली होती, तेव्हा तिने आम्हाला 'ठीक आहे' सांगितलं होतं. दर वेळी माझ्या तोंडाशी काहीतरी यायचं, दर वेळी वरून ठोसा यायचा आणि मी 'हं' म्हणायचो. आजवर दर रविवारी मी तिला काय काय सांगायच्या तयारीत बसायचो, ते मला तेव्हा आठवलं.

ही दारात येऊन उभी राहिली. तिला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, माझे हुंकार तेवढे ऐकू येत होते. दर रविवारसारखा तिने फोनसाठी हात पुढे केला नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघून ती परत आत गेली.

मग कितव्या तरी फेरीत ती ठेंगणी मुलगी अगदी जवळ आली, जाकीटाला हात लागेल इतकी. महिनाभरात मी यातून बरंच शिकलो होतो. मी डोळे मिटले आणि आपटायची वाट पाहिली.

काही झालं नाही. डोळे उघडले तर ती दोन पावलं मागे गेली होती आणि तिथून पुन्हा साधे, सरळ, अडवता येतील असे ठोसे मारत होती.

पहिल्यांदा मला वाटलं तिच्या ध्यानात आलं नसेल. पण जगातल्या झाडून सगळ्या अनोळखी माणसांच्या जे ध्यानात आलं, ते आमच्या मुलीच्या ध्यानात येणार नाही असं कसं होईल? मी पुढच्या फेरीत नीट लक्ष ठेवलं. ती पुन्हा जवळ आली. आता नुसतं उचलायचं बाकी होतं. ती पुन्हा मागे गेली. "आणि बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली आणि ठोसे आले.

मी इथे महिनाभर टिकून राहायला शिकत होतो आणि तिकडे तीही मला टिकवून धरत होती. मी याबद्दल तिला काही विचारलं नाही. बटण आणखी घट्ट मागे दाबलं.

बाहेर दिवे लागले. पट्टीखाली अंगठा ठणकत होता. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मला स्वयंपाकाला लागायला हवं. उद्या लवकर जायचंय."

"हो, लाग."

"मग आटपू?"

"आटप."

ती जवळ आली. या वेळी मागे गेली नाही. तिने जाकीटवाल्याला अलगद उचललं आणि आपटलं. महिनाभरात मला पुष्कळांनी आपटलं होतं, पण इतकं बरं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी?" तिने विचारलं.

"पुढच्या रविवारी."

हेडफोन काढल्यावर मला आठवलं की हवेचं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने मला पुन्हा नाकारलं. मी हजेरी कारकुनाकडे गेलो आणि त्याच्या चाकांच्या खुर्चीच्या मागणीवर सही केलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. साहेबांच्या मजल्यावर एक खुर्ची जास्तीची होती, ती आजवर माझ्या नजरेस पडली नव्हती इतकंच. मग त्याने साहेबांची सही झालेला माझा अर्ज खणातून काढला.

"साहेब, उजव्याची नोंद करतो, पण ती तात्पुरती. डावा बरा झाला की परत तोच लावू."

मी उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. त्याला महिनाभर काहीच काम पडलं नव्हतं, त्यामुळे तो गुळगुळीत आणि धडधाकट होता. हिरवा दिवा लागला.

"तात्पुरती नको, कायमची कर," मी म्हटलं. "डावा आता दर रविवारी लागणार आहे."